पर बघा, रंग नंतर

पेनसिल्व्हेनियात एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजता ट्राउट या गार पाण्यातल्या माशाचा हंगाम उघडतो आणि पुलापुलाशी माणसं खांद्याला खांदा लावून गळ टाकतात. पुलाशीच का, तर हॅचरीचा, म्हणजे मासे वाढवणाऱ्या केंद्राचा, टँकर तिथवरच जातो. राज्याचं मत्स्य खातं दरवर्षी तीस लाखांवर ट्राउट ओढ्यांत सोडतं. बादलीतून पडलेले हे मासे बरेच दिवस त्याच डोहात घुटमळतात. जन्मभर वरून पडणाऱ्या खाद्याच्या गोळ्या खाल्लेल्या, त्यामुळे मक्याच्या दाण्यावरही झडप घालतात. आम्हा इथल्या मराठी मंडळींत त्यांना सरळ ब्रॉयलर म्हणतात. ओढ्यातच अंड्यातून निघालेला, तो गावठी.

गळाला लागलेला मासा यातला कुठला, हे ओळखायचा नाद वाईट. मासा लहान की मोठा हा प्रश्नच मागे पडतो.

नवखा माणूस रंगावर जातो. टाकीतला मासा फिकट, राखाडी. ओढ्यातला लोण्यासारखा पिवळा, अंगावर लालभडक ठिपके. हे खरं, पण रंग खाण्यावर आणि तळाच्या खडकावर ठरतो. सोडलेला मासा हिवाळा तगला आणि ओढ्यातल्या बारीक कोळंबीवर्गी किड्यांवर पोसला, की तोही रंगतो. ब्राऊन ट्राउट या जातीच्या गालावर डोळ्यामागे निळसर ठिपका दिसला तर तो गावठीच, असंही छातीठोक सांगणारे भेटतात. मी त्यावर पैज लावणार नाही.

पर, म्हणजे माशाची पोहायची वल्ही, मात्र सहसा चुगली करतात. हात ओला करायचा (कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो), मासा जाळीतच, पाण्यात ठेवायचा आणि कल्ल्यामागचा पर बोटाने हळूच उघडायचा. गावठीचा पर रुंद, कडेपर्यंत अखंड, इतका पारदर्शक की खालचे गोटे दिसावेत. ब्रॉयलरचा पर आखूड, जाडसर, कडेला झिजलेला. सिमेंटच्या हौदात दाटीवाटीने वाढताना भिंतीला घासून आणि शेजाऱ्यांनी चावे घेऊन त्याची ही गत झालेली असते. पाठीवरचा पर तर कित्येकदा चुरगळलेल्या कागदासारखा. शेपटीची टोकं गोल झालेली. पुढे पर वाढले तरी त्यातले काटे वाकडेच राहतात, म्हणून वर्षभर ओढ्यात मुरलेला ब्रॉयलरही पकडता येतो.

मोठ्या माशाबद्दल वाद घालता येतो, चार इंचीबद्दल सहसा नाही. टँकरमधून येतात ते बहुतेक ताटात मावतील एवढे वाढलेले मासे. कुशीवर बोटांचे ठसे उमटल्यासारखे काळपट डाग असलेलं पिल्लू दिसलं, की बहुधा त्याची आई याच ओढ्याच्या खडीत अंडी घालून गेलेली असते. अपवाद अशा ओढ्यांचा, जिथे खातं बोटभर पिल्लंच सोडतं. तिथे पुढे पर बघूनही काही कळत नाही.

स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळच्या स्प्रिंग क्रीक या ओढ्याची गोष्ट मला फार आवडते. चुनखडीच्या झऱ्यांचं गार पाणी, आणि त्यात 1970च्या दशकात कीपोन आणि मायरेक्स ही विषारी रसायनं सापडली. 1982 मध्ये तिथला मासा घरी न्यायलाच बंदी आली. नेता येत नाही तर सोडायचा कशाला, म्हणून टँकरही थांबले. आणि ओढा ओस पडायच्या ऐवजी स्वतः वाढलेल्या ब्राऊन ट्राउटने भरून गेला! विषाने मासे वाचवले असं म्हणवत नाही, पण झालं तसंच.

गंमत अशी, की हा गावठी ब्राऊनही मूळचा इथला नव्हे. त्याची अंडी 1883 मध्ये जर्मनीहून बोटीने न्यूयॉर्कला आली. इथला खरा मूळ रहिवासी म्हणजे राज्याचा मानाचा मासा ब्रूक ट्राउट. पोटाकडच्या परांना पांढरी किनार आणि तिला लागून काळी रेघ. त्याला भेटायचं तर डोंगरात, उडी मारून ओलांडता येईल एवढ्या ओहोळापर्यंत चढावं लागतं. खाली ब्राऊन त्याला टिकू देत नाही.

तेव्हा माझ्यापुरती वाटणी ठरलेली आहे. गावठी जाळीतूनच परत. ब्रॉयलर, नियमात बसेल तेवढा, घरी. हळद-मीठ-तिखट, वर रवा आणि भरपूर तेल. गोळ्यांवर वाढलेल्या माशाला मसाला थोडा जास्तच लागतो.