बंद मशिनं किती?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझी नोकरी मेडिकल तपासणीत गेली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि इशिहारांच्या ठिपक्यांच्या पुस्तकात मला आकडेच दिसेनात. रंगांधळेपणा ओळखणारी, १९१७ पासून वापरात असलेली ही चाचणी. शेरा पडला, ‘अनफिट’. लाल-हिरव्यात माझी गल्लत होते हे घरी ठाऊक होतं, पण त्यावर पोटापाण्याचं ठरेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्या उदास दिवसांत जॉन डाल्टनबद्दल वाचलं. अणुसिद्धांतवाला डाल्टन स्वतः रंगांधळा होता. आपल्याला रंग कसे दिसतात यावर त्याने १७९४ मध्ये निबंध वाचला. त्याने सांगितलेलं कारण चुकीचं निघालं, पण आपल्या उणिवेकडे तो अभ्यासाचा विषय म्हणून बघत होता. मला त्याचा फार आधार वाटला.

मग वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर काम सुरू केलं. ॲप, तक्ते, कंट्रोल पॅनेल रंगांधळ्या माणसाला वाचता येतात का, हे तपासून द्यायचं. तपासणार मी, कोड बदलणार ती. बहुतेकांनी नम्रपणे नकार दिला.

एका कंपनीने मात्र बोलावलं. कारखान्यांसाठी स्क्रीन बनवणारी कंपनी. खोलीत डिझाइनची माणसं, व्यवस्थापक, आणि ग्राहक कारखान्यातून आलेले एक वयस्कर ऑपरेटर. पडद्यावर मशिनांचा नकाशा. सगळे गोल सारखे. चालू मशिन हिरवं, बंद पडलेलं लाल.

“सांगा, बंद किती?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“नाही सांगता येत. मला सगळे मातकटच दिसतात.”

“पण तुमच्यासारखे असे किती असणार?”

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारामागे एक, इतरत्र कमी, हे मी सांगतच होतो, तेवढ्यात मागून ऑपरेटरकाका म्हणाले, “साहेब, मलाही नाही दिसत.”

सगळे वळून बघायला लागले. इतकी वर्षं काम कसं केलं, असं कुणीतरी विचारलं.

“कानावर. मशिन बंद पडलं की आवाजावरून कळायचं. आता या स्क्रीनपायी काचेच्या खोलीत बसवलंय. तिथे आवाजच येत नाही.”

मैत्रिणीने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. बंद मशिनला गोलाऐवजी त्रिकोण, आत ‘बंद’ हा शब्द, हिरव्याच्या जागी निळा, लालच्या जागी नारिंगी. वेबच्या सुलभता निकषांतही हेच सांगितलंय, माहिती नुसत्या रंगावर सोडायची नाही. काका उठून पडद्यापाशी गेले आणि बोट टेकवत त्रिकोण मोजू लागले. कोपऱ्यातल्या एकावर बोट थांबलं. “हे पण बंद आहे होय?”

जिद्दीबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला वाटतं, जिद्दीइतकंच हेही शोधायला हवं, की आपलं दुखणं आणखी कोण गुपचूप सोसतंय. नोकरी टिकावी म्हणून काका कधी बोलले नव्हते, आणि म्हणूनच ती अडचण कुणी सोडवली नव्हती.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मुलीचा मुलगा झाडाची पानं तपकिरी रंगवतो, बाई रागावतात, हे माझ्याकडूनच गेलं असेल का? मी कागदावर एक्स गुणसूत्रं काढून दाखवली. मुलीकडे रंगांधळेपणाचा जनुक असणारच, तिच्या मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. डोळे तपासून घ्या, तोवर खडूंवर रंगांची नावं लिहून द्या, असं सांगितलं.

कंपनीचं काम मिळालं. त्याच पैशांतून आता आम्ही शालेय पुस्तकांतले नकाशे तपासायला घेतले आहेत.