पालकांचा सहभाग मोजताना नेमकं काय विचारायचं

‘मी मुलाच्या अभ्यासात लक्ष घालते.’ समोर ‘पूर्ण सहमत’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत पाच चौकोन. पालकांच्या सहभागाच्या बऱ्याच प्रश्नावल्या अजूनही अशाच असतात. एकाच शाळेतल्या पालकांपुरतं हे कसंबसं निभतं. दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या की फसतं. माणूस स्वतःला भोवतालच्या लोकांशी ताडून पाहतो. जिथे सगळेच रोज मुलांजवळ बसतात, तिथे अर्धा तास बसणारी आई स्वतःला कमी गुण देते. जिथे कोणीच बसत नाही, तिथे आठवड्यातून एकदा वही उघडणारा बाप बिनदिक्कत ‘पूर्ण सहमत’वर खूण करतो. त्यातच काही समाजांत टोकाचा पर्याय सहज निवडला जातो, तर काहींत मधलाच बरा वाटतो. या सगळ्याची बेरीज करून देशांचे क्रम लावणं म्हणजे प्रत्येक घरच्या वेगळ्या पट्टीने मोजलेली उंची एका तक्त्यात लिहिणं.

म्हणून मत विचारू नये, कृती विचारावी. आणि तीही ठरावीक दिवसांतली. युनिसेफच्या ‘मिक्स’ (MICS) या अनेक देशांत होणाऱ्या घरोघरच्या सर्वेक्षणातला प्रश्न याचा चांगला नमुना आहे. मूल २४ ते ५९ महिन्यांचं. गेल्या तीन दिवसांत घरातल्या १५ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कोणी त्याच्याबरोबर सहापैकी काय केलं: पुस्तक वाचलं किंवा चित्रं दाखवली, गोष्ट सांगितली, गाणं म्हटलं, बाहेर नेलं, खेळलं, वस्तूंची नावं घेतली किंवा मोजणी-चित्रकला केली? प्रत्येक कृतीला ‘कोणी?’ हा पुढचा प्रश्न: आई, वडील, दुसरं कोणी, की कोणीच नाही. चार किंवा अधिक कृती झाल्या, तर निर्देशांकात त्या मुलाला घरी उत्तेजन मिळालं असं धरतात.

दिसायला सोपं, पण बिघडतं ते प्रत्यक्ष मुलाखतीत. घाईत असलेला प्रगणक सहाही कृती एका दमात वाचतो आणि ‘हे सगळं करता ना?’ म्हणतो. उत्तर अर्थातच हो. प्रत्येक कृती वेगळी वाचून थांबायला हवं, आणि ‘कोणी’चं उत्तर आल्यावर ‘आणखी कोणी?’ हेही विचारायला हवं. नाहीतर पहिल्या नावावरच खूण होते आणि आजोबा, मोठी बहीण आकड्यांतून गायब होतात. भेटी सगळ्या सोमवारी ठेवल्या तर तीन दिवसांत दर वेळी शनिवार-रविवार येतात, म्हणून भेटी आठवडाभर विखुरलेल्या असाव्यात. बहुतेक वेळा उत्तर आई देते. तेव्हा वडिलांचा आकडा हा वडिलांबद्दल आईने सांगितलेला आकडा आहे, हे तक्त्याखाली लिहिलेलं बरं.

या यादीची मर्यादाही आहे. तिचा कल शाळेच्या तयारीकडे आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ग्वाटेमालातलं सान पेद्रो, भारतातलं ढोल-की-पट्टी, तुर्कस्तानातलं केचिओरेन आणि अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी इथली एक ते दोन वर्षांची मुलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं पाहिली. पहिल्या दोन ठिकाणी मोठी माणसं मुलासाठी धडा मांडून बसत नव्हती. आपलं काम चालू ठेवून, मुलाला लागेल तेव्हा मदतीला तयार असत. मूलही एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष ठेवून शिकत होतं. असं घर सहा कृतींच्या यादीत मागे पडू शकतं, आणि मग अहवालात त्याला ‘उत्तेजन कमी’ म्हटलं जातं. हे मला मापनातलं सर्वांत महाग दुर्लक्ष वाटतं. उपाय: प्रश्नावली ठरवण्याआधी प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस पालकांना मोकळं विचारा, ‘या वयाचं मूल शिकावं म्हणून घरात कोण काय करतं?’ वारंवार येणाऱ्या कृती स्थानिक प्रश्न म्हणून जोडा. गाभ्याचे प्रश्न सगळीकडे तेच ठेवा. देशांची तुलना फक्त गाभ्यावर, स्थानिक प्रश्न त्या त्या ठिकाणच्या विश्लेषणापुरते.

शाळकरी मुलांबाबत सापळा गृहपाठाचा. हिल आणि टायसन या संशोधकांनी २००९ मध्ये ‘मिडल स्कूल’ (साधारण सहावी ते आठवी) टप्प्यातले ५० अभ्यास एकत्र केले, तेव्हा गृहपाठातल्या मदतीचं यशाशी नातं उलटं निघालं. शिक्षणाचं महत्त्व आणि पुढचे बेत यांवर मुलाशी बोलण्याचं नातं सर्वांत पक्कं. मदत घातक असते असा अर्थ घाईने काढू नये. अडखळणाऱ्या मुलालाच मदत जास्त मिळते, हेही त्यात मिसळलेलं असतं. म्हणून तुकडे करा: शेवटच्या शाळेच्या दिवशी मदत झाली का, सुरुवात कोणी केली (मुलाने मागितली, शिक्षकांनी कळवलं, की पालक स्वतःहून बसले), आणि नेमकं काय केलं (जवळ बसले, तपासलं, की सोडवून दिलं). शाळेच्या सभांचंही तसंच. आधी सभा झाली का, मग कळली का, मग गेलात का. एकच प्रश्न विचारला तर न बोलावणाऱ्या शाळेचा दोष पालकाच्या नावावर जमा होतो.

आता सांख्यिकी, मतांचे प्रश्न ठेवलेच असतील तर. प्रत्येक देशात क्रोनबाख अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.८ आला म्हणून तुलना वैध होत नाही. तो एका गटातली सुसंगती सांगतो, एवढंच. प्रश्न सगळ्या गटांत एकच गोष्ट मोजतात का हे तपासणाऱ्या बहुगट घटक विश्लेषणात तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रश्नांची मांडणी सगळीकडे तीच आहे का, म्हणजे तेच प्रश्न त्याच गुणाभोवती जमतात का. प्रश्नांचे भार, म्हणजे प्रत्येक प्रश्नाचं त्या गुणाशी असलेलं नातं, सारखे आहेत का. छेदही, म्हणजे गुण तेवढाच असताना प्रश्नाला मिळणारं सरासरी उत्तर, सारखे आहेत का. दुसरी पायरी जमली तर संबंधांची तुलना करता येते, सरासऱ्यांची नाही. सरासऱ्यांसाठी तिसरी लागते, आणि बरेच जण तिथेच घसरतात. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना सीएफआय (प्रारूप माहितीला किती जुळतं याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरू नये हा रूढ निकष मोजक्या गटांसाठी ठीक. गट खूप झाले की भारांच्या पायरीवर तो फार कडक ठरतो. आणि सहा कृतींच्या यादीवर ही चाचणी लादू नका. गाणं म्हणणारी आई मुलाला बाहेर नेतेच असं नाही; ती बेरीज आहे, एका सुप्त, थेट न दिसणाऱ्या गुणाची सहा लक्षणं नव्हेत.

मतांच्या प्रश्नांत तिसरी पायरी जमली नाही, तर कोणते छेद वेगळे पडतात ते पाहा. एक-दोनच असतील तर ते गटागणिक मोकळे सोडून अंशतः तुलना करता येते. निम्म्याहून जास्त असतील, तर एकत्रित गुण छापू नका. प्रत्येक प्रश्नाची टक्केवारी देशागणिक वेगळी द्या, खाली उत्तर कोणी दिलं तेही लिहा, आणि क्रमवारीचा स्तंभ काढून टाका.