मंडईच्या रात्री पाहिलेली दंडार

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. यंदा त्यासाठी नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे वैनगंगा ओलांडून मी वडसा गाठले आणि तिथून एका लहान गावी गेलो. वाटेत बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या होत्या.

रात्री शाळेच्या पटांगणात तनसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसून दंडार हे इथले लोकनाट्य पाहिले. बायकांची सोंगे पुरुषांनीच घेतली होती. विषय होता सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. गोष्टीत साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरते, गावची आरोग्य कार्यकर्ती आशाताई मुलामुलीचे रक्त तपासायला सांगते आणि पत्रिका जुळल्यावर रक्त कशाला, म्हणून मुलाचा बाप भडकतो. तेव्हा सोंगाड्या धान कापायचा विळा उंचावतो आणि सांगतो की या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी अशाच वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि म्हणून सांधे ठणकतात. ‘सिकल’ म्हणजे विळा, हे कितीतरी जणांना तेव्हाच कळले.

पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो धानाच्या चार दाण्यांचा प्रवेश. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसूनही हा दोष मुलाला देऊ शकणारे, असतील, तर मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून चारांतला एक दाणा काळा. त्यावर बाप म्हणतो, “एक आजारी निघाला, आता बाकीचे तीन सुटले!” आशाताई मात्र उचललेला काळा दाणा पुन्हा इतर तिघांत मिसळते आणि दर खेपेला नव्याने एक दाणा उचलायला लावते. प्रत्येक गरोदरपणात धोका तेवढाच राहतो, हे भिंतीवरच्या पोस्टरने इतके स्पष्ट झालेले मी कधी पाहिले नाही. शेणगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबाही कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारूनच स्वच्छता आणि व्यसनमुक्ती त्यांच्या गळी उतरवत. ती रीत इथे जिवंत दिसली.

दंडार संपल्यावर शेजारची बाई हळूच म्हणाली, “माज्या पोराचेबी असेच हातपाय दुखत होते जी. आम्ही बाहेरची बाधा समजलो.” ते मूल आता नव्हते. मला काही बोलता आले नाही.

सकाळी ती मुलीला घेऊन गावातल्या खऱ्या आशाताईंच्या अंगणात आली होती. मुलीचे साक्षगंध पुढच्या महिन्यात होते आणि तपासणी आधी करावी की नंतर, एवढेच तिला विचारायचे होते.

“आधी,” आशाताई म्हणाल्या आणि वहीत दोघांची नावे लिहायला बसल्या. मुलीचे आणि होणाऱ्या जावयाचेही.