सायप्रसचा सातबारा

आज लार्नाकात तिसरं घर पाहिलं. गच्चीवर सोलरची टाकी, दारात लिंबाचं झाड. बायको तर पडद्यांच्या रंगापर्यंत पोचलीसुद्धा! मी एवढंच विचारलं, "कोचान आहे का?" कोचान म्हणजे इथला सातबाराच म्हणा, शब्द तुर्की अमलातला.

एजंट गोड हसला. "येईल की, बिल्डरचं कर्ज फिटलं की."

हे उत्तर पनवेललाही ऐकलंय हो! याच कर्जांपायी इथे हजारो लोक पूर्ण पैसे भरून वर्षानुवर्षं कागदाविना अडकले, 2015 साली खास कायदा करावा लागला. वकीलबाईंनी बजावलंय, करार लँड रजिस्ट्रीत जमा झाल्याशिवाय एक युरो सोडायचा नाही.

परतताना खाऱ्या तळ्यात रोहित पक्षी उभे होते, भाड्याची चिंता नसल्यासारखे. बायको अजून पडद्यांवरच आहे.