चर्चचं किराणा वाटप थांबवताना

२०२० च्या टाळेबंदीत नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीने किराणा वाटायला घेतला. तेव्हा गरजच होती. पुढे मजुरी सुरू झाली, तरी वाटप चालूच. उपासना संपली की नावं पुकारायची, पिशवी द्यायची, फोटो काढायचा. घेणाऱ्यांपेक्षा चर्चचा कारभार पाहणाऱ्या आम्हा पंचांनाच त्याची चटक लागली होती, असं माझं मत.

यादी कमी करायचा विषय निघाला आणि पंचकमिटीत खडाजंगी झाली. शेवटी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बायबलमधलं तीमथ्याला पहिलं पत्र, पाचवा अध्याय काढला. पत्र लिहिणाऱ्या पौलाने मदतीच्या विधवांच्या यादीलासुद्धा साठ वर्षांची अट घातली आहे. मुलं-नातवंडं असतील तर आधी त्यांनी सांभाळावं, असंही तिथे आहे. त्या हिशेबाने निराधार म्हातारी माणसं आणि अंथरुणाला खिळलेले यांचा किराणा तसाच ठेवला. फक्त तो आता घरपोच जातो, फोटोशिवाय. बाकीच्या घरांतल्या बायकांचा बचत गट करायचं ठरलं.

सुरुवातीचं भांडवल मंडळीने घालावं, असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. मी अडून बसलो. चर्चचा पैसा म्हटला की तो परत करायचा नसतो, हे सगळेच धरून चालतात. मंडळीने हॉल दिला, बस्स. वही, कुलूपपेटी, महिन्याची बचत सगळं बायकांचं.

बँकेत मात्र चपला झिजल्या. साहेब प्रत्येक सभासदाची कागदपत्रं मागत होते. गटाचं बचत खातं उघडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पदाधिकाऱ्यांचं केवायसी पुरतं. तो नियम छापून नेला, ठरावाची प्रत जोडली, तेव्हा खातं निघालं. बँकेचं कर्ज हवं तर गट किमान सहा महिने नीट चाललेला दिसावा लागतो, म्हणून वही पहिल्या बैठकीपासून चोख हवी.

गटाच्या पेटीतून सभासदाला दिलेल्या कर्जावर व्याज ठरलं शेकडा दोन रुपये महिना. पाळकसाहेब चरकले, गरिबाकडून व्याज घेऊ नये, असं बायबलच्या निर्गम पुस्तकात सांगितलंय. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "साहेब, हे व्याज आमच्याच पेटीत पडतंय. सावकाराला शेकडा दहा मोजत होतो, तेव्हा कुणी वचन काढलं नाही." साहेब हसले आणि गप्प बसले.

पहिलं कर्ज पिको-फॉलच्या मशीनसाठी गेलं. मध्ये हप्ते थकले, तेव्हा तगादा गटातल्या बायकांनीच लावला, तोही चांगला खणखणीत. सध्या शेळ्यांसाठी आलेल्या अर्जांवर त्यांचा खल चाललाय. त्यात पंचांना मत नाही.