ओव्याचे फूल, चौथी खेप: अखेर स्फटिक जमले

कोंबड्यांच्या खाद्यात घालण्यासाठी मी घरी ओव्याचे तेल काढून त्यातले थायमॉल स्फटिकरूपात वेगळे करू पाहते आहे. मागच्या नोंदीत तिसऱ्या खेपेचे तेल फ्रिजमध्ये ठेवून मी थांबले होते. अठरा दिवस झाले तरी त्यात एकही स्फटिक दिसला नाही. परवा मात्र चौथ्या खेपेतून 4.6 ग्रॅम ओव्याचे फूल, म्हणजे थायमॉल, पांढरेशुभ्र हाती लागले.

ऊर्ध्वपातन आता फारसा त्रास देत नाही. 250 ग्रॅमचे दोन घाणे घातले आणि क्लेव्हेंजरमध्ये (वाफेबरोबर आलेले तेल वेगळे जमवणाऱ्या काचेच्या उपकरणात) मिळून 14 मिलिलिटर तेल आले. तेल दाण्याच्या सालीतील बारीक नलिकांमध्ये असते, त्यामुळे दाणे खलबत्त्यात नुसते भरडावेत. मिक्सरमध्ये पीठ केले की ते फ्लास्कच्या तळाशी बसून करपते. दुसऱ्या खेपेला तेल कमी पडले ते ओवा जुना असल्यामुळेच, अशी आता माझी खात्री झाली आहे. दुकानदाराने तो नवा माल म्हणून दिला होता. चिमूटभर दाणे तळहातावर चोळल्यावर वास नाकाला झोंबत नसेल, तर तो ओवा घेऊच नये.

खरे अडले ते पुढे. शुद्ध थायमॉल 49 ते 51 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे आपल्या हवेत ते घनच राहायला हवे. पण तेलात ते साधारण निम्मेच असते. बाकीचा भाग मुख्यतः पॅरा-सायमिन आणि गॅमा-टर्पिनिन या द्रवांचा, आणि थायमॉल त्यांत विरघळून राहते. अमृतधारा करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको: कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एकाच बाटलीत ठेवले की तिन्हींचे पाणी होते, कारण एकमेकांच्या संगतीत त्यांचा वितळणांक खाली येतो. माझ्या तेलातही हेच चालले होते आणि मी नुसत्या थंडीवर विसंबून होते.

म्हणून या वेळी अल्कलीचा मार्ग धरला. थायमॉल हे फिनॉल, म्हणजे सौम्य आम्लासारखे वागणारे संयुग, असल्याने ते कॉस्टिक सोड्याच्या 5 टक्के द्रावणात मीठ होऊन उतरते आणि तेलातल्या बाकीच्या द्रवांचा थर वर तरंगतो. हातमोजे आणि चष्मा घालून 60 मिलिलिटर द्रावणाबरोबर तेल हलवले, खालचा थर काढून घेतला आणि लिटमस लाल होईपर्यंत त्यात व्हिनेगर ओतले. द्रावण दुधासारखे पांढरे झाले आणि थोड्या वेळाने वर तेलाचे थेंब जमले. सेपरेटिंग फनेल मात्र टेफ्लॉनच्या तोटीचेच घ्यावे, कारण अल्कलीने काचेची तोटी अशी धरते की पुढे ती हलत नाही.

त्या थेंबांनी माझे दहा दिवस घेतले. वितळणांकाच्या कितीतरी खाली, अगदी फ्रिजमध्येही, ते द्रवच राहिले. काचेच्या कांडीने भांडे आतून खरवडून पाहिले, बर्फात ठेवले, पुन्हा कोमट करून हळूहळू निववले. काहीही झाले नाही. शेवटी काष्ठौषधींच्या दुकानातून ओव्याच्या फुलाची लहान पुडी आणली आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा कण त्यात सोडला. त्या कणाभोवती लगेच सुया फुटल्या, मिनिटाभरात त्या काठापर्यंत पोहोचल्या आणि हातातली काचेची वाटी स्पष्टपणे कोमट झाली. स्फटिक होताना सुटणारी उष्णता मी वाचली होती, पण ती तळहाताला जाणवण्याचा आनंद निराळाच आहे. आता बियाण्यासाठी चिमूटभर फूल कायम बाजूला ठेवणार आहे.

हा खटाटोप मुळात परसातल्या चौदा कोंबड्यांसाठी आहे. युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे बंद केले आणि आपल्याकडे 2019 मध्ये पशुपालनातील कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. तेव्हापासून ओवा, ओरेगानो, थाइम यांतील फिनॉलांकडे पर्याय म्हणून खाद्य बनवणारे अधिक गांभीर्याने पाहू लागले. आजारी पक्ष्याला पशुवैद्यांचेच औषध द्यायचे, हे मात्र मी पक्के ठेवले आहे. किलोभर खाद्याला 100 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोला 1 ग्रॅम, हे प्रमाण धरून भरड्यात थेट मिसळण्याचा माझा बेत होता. पण थायमॉल उडून जाते, आणि जे पोटात जाते त्यातले बरेचसे आतड्याच्या सुरुवातीलाच शोषले जाते, पुढच्या भागापर्यंत फारसे पोहोचत नाही. म्हणूनच कारखान्यांत त्यावर स्निग्ध पदार्थाचे कवच चढवतात.

हे लिहिता लिहिताच दुसरे सुचले. ऊर्ध्वपातनानंतर उरलेल्या चोथ्यात प्रथिने आणि न उडणारे तेल शिल्लक असते, आणि मी तो आजवर खतात टाकत आले. तो उन्हात वाळवून दळायचा, थायमॉल थोड्या कोमट शेंगदाणा तेलात विरघळवून त्यात मुरवायचे आणि मगच भरड्यात घालायचे. त्याआधी 100 ग्रॅम चोथ्यात 1 ग्रॅम मुरवून तो परातीत आठ दिवस उघडा ठेवणार आहे. मग याच अल्कलीच्या रीतीने थायमॉल परत काढून किती उरले ते तोलून पाहीन. चोथा आज सकाळीच गच्चीवर पसरला आहे.