दोन रुपयांचं पातं आणि आमचा पावसाळा

आधी दाढीच्या पात्याच्या गंजाचंच सांगतो, कारण माझा अख्खा आषाढ त्यात गेला.

मिरगाच्या आठवड्यात मालवणच्या बाजारात एका जुन्या दुकानात साध्या पोलादी ब्लेडांचं पाकीट मिळालं. पातं दोन रुपयांना पडलं. तोवर तीन पात्यांच्या रेझरचं एकेक डोकं शंभराच्या वर पैसे मोजून आणत होतो. वडिलांचा पितळी रेझर कपाटात होताच. दुकानदाराला विचारलं, "स्टेनलेस आहे ना?" "सगळी सारखीच आसतत ओ," म्हणाला. त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

पहिली दाढी बरी झाली. गालावर छान, हनुवटीखाली जरा ओढ. दुसऱ्या दिवशी रेझर उघडला तर पात्याच्या कडेला तांबूस रेघ. आमच्या न्हाणीघरात पावसात टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे पातं कसलं वाळतंय! तरी हट्टाने तेच लावलं आणि ओठाखाली कापून घेतलं. बायकोने लगेच धनुर्वाताचं काढलं. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात गंजाने होत नाही, माती-शेणातल्या जंतूंनी होतो. पण मागचं इंजेक्शन कधी घेतलं ते मला आठवेना, म्हणून टोचलंच. रिक्षाचं भाडं वेगळं.

मग मी पातं पुसून ठेवायला लागलो. टॉवेलने धार पुसली की ती बिघडते, हे दोन पाती वाया गेल्यावर कळलं. मग न पुसता नुसतं झटकून खिडकीत ठेवलं. खिडकी समुद्राकडची. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पात्यावर बसतं आणि ओल धरून ठेवतं, संध्याकाळपर्यंत ठिपके हजर. फ्रिजवर ठेवलं, तर आईने कचरा समजून काढून टाकलं. शेजारचे आबा म्हणाले, "खोबरेलात बुडवून ठेव मरे." ठेवलं, आणि गंज खरंच थांबला. मी खूश. पण सकाळी ब्रशने घोटून घोटून केलेला फेस पातं फिरलं की मरायला लागला. तेलाचा गुण, दुसरं काय. पातं आधी गरम पाण्यात साबणाने धुवायचं, मग दाढी, मग पुन्हा तेल. नोकरीवर जाणाऱ्या माणसाने हे रोज करायचं?

शेवटी जमलं ते असं. दाढी झाली की रेझर उघडून पातं चिमट्याने उकळत्या पाण्यातून काढायचं. गरम झालेलं पातं आपोआप वाळतं. मग दोन्ही अंगांना स्पिरिटचे दोन थेंब (चुलीपासून लांब). आणि घट्ट झाकणाच्या डबीत, मिठाच्या बरणीत घालतो तसे भाजलेले तांदूळ टाकून त्यावर ठेवायचं. आता एक पातं चार दाढ्या निघतं. पाचवीचा मोह धरू नका.

मधे मला पाती स्टेनलेस नाहीत याचा पुरावा हवा होता. पात्याला लोहचुंबक लावलं, झटकन चिकटलं. सापडला चोर, म्हणून बाजारात निघालो होतो. मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्या महागड्या ब्लेडला पण लावून बघा. तेही चिकटलं! ताटवाट्यांचं स्टेनलेस सहसा चिकटत नाही, पण दाढीच्या पात्याचं चिकटतं, त्यात साधारण 13 टक्के क्रोमियम असलं तरी. खरी परीक्षा म्हणजे एक पातं रात्रभर मिठाच्या पाण्यात टाकणं. माझं सकाळी लालभडक. दुकानात गेलोच नाही मग.

बरं, अशा पात्याने दाढी होते का? होते. धार नवीन असताना चांगली असते, नसतो तो मुलामा. महाग पात्यांच्या धारेवर टेफ्लॉनसारखा अतिपातळ थर असतो, म्हणून ती केसातून सरकतात. हे प्रकरण तसं अलीकडचंच. जिलेटचं सिलिकोन लावलेलं सुपर ब्लू 1960 चं. त्याआधी आमचे आजोबा बिनमुलाम्याची पातीच वापरायचे, आणि काचेच्या पेल्याच्या आतून घासून ती आठवडाभर ओढायचे. त्यांच्या गालाची मला आता कीव येते.

ओढ कमी करायची तर दाढी दोन-तीन मिनिटं गरम पाण्याने भिजू द्या, भिजलेला केस मऊ होतो. हात हलका ठेवा, लवीच्या दिशेने फिरवा, उलटी दाढी करायला जाऊ नका. खाडीकाठच्या मावशीकडे विहिरीचं पाणी मचूळ, तिथे साबणाला फेसच येत नाही. तिकडे जाताना मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन बसतो आणि मावशीची बोलणी खातो.

गणपतीला चाकरमानी भाऊ मुंबईहून स्टेनलेसची पाकिटं घेऊन आला. सध्या तीच चालू आहेत. साधी अजून बरीच उरलीत, ती दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काढणार.

हो, एक राहिलं. वापरलेलं पातं कचऱ्याबरोबर माडाच्या आळ्यात टाकू नका. आमचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, अनवाणी येतो. झाकणाला चीर पाडलेला पावडरचा डबा करा, त्यात वर्षभराची मावतात.